बारा बोअर घेण्याआधी

कापूरहोळच्या चौकातून एक रस्ता भोरला जातो, दुसरा नारायणपूरकडे वळतो. या पट्ट्यात बंदुकीचं कुणाला फारसं नवल नाही. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बाळगणारी घरं अजून आहेत. आमचं त्यातलंच एक. त्या घरातून मी पुढे ट्रॅप आणि स्कीटच्या मैदानावर गेलो. म्हणून नेमबाजीची ओढ लागलेली मुलं आणि डुकरांनी बेजार झालेले शेतकरी, दोघंही एकच प्रश्न घेऊन येतात: परवडेल अशी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन कोणती? नाव सांगण्याआधी बरंच बोलावं लागतं. ते बोलणं असं.

१. आधी काम ठरवावं, मग बंदूक. परदेशी व्हिडिओत शिकार आणि स्पर्धा एकाच दमात येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की एका बंदुकीत दोन्ही हौशी भागतील. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेची शिकार उरलेलीच नाही. रानडुकरांचा कळप दाणे भरत आलेल्या भातात एकदा शिरला की सकाळी खाचराकडे बघवत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तरीसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बार टाकणं गुन्हा आहे. राखणीच्या बहुतेक रात्री डबा, बॅटरी आणि आरोळी यांवरच निघतात. तिथे भराभर काडतुसं भरणाऱ्या बंदुकीला कामच नाही. ज्याला ती खरोखर उपयोगी पडेल, तो ट्रॅप-स्कीटमध्ये मातीच्या उडत्या तबकड्या फोडणारा नेमबाज.

२. दुकानाआधी परवाना बोलतो. शस्त्र कायदा १९५९चा, सध्याचे नियम २०१६चे. आमच्या ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते, सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पीकरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन सर्वसाधारण परवान्यावर सहज मिळेल, ही आशा धरू नये. परदेशी बंदूक आणण्याची वाट मुख्यतः मान्यताप्राप्त स्पर्धांत ठरावीक गुण मिळवलेल्या नेमबाजांसाठी आहे. म्हणजे बंदूक मिळवण्यासाठीही आधी नेम सिद्ध करायचा. सुरुवातीला हे मला उलटं वाटायचं. आता त्यातला शहाणपणा पटतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची एक महत्त्वाची स्पर्धा ग. वा. मावळंकरांच्या नावाने भरते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे. आपल्या मराठी माणसाने घालून दिलेली ही वाट आहे, याचा मला अभिमान वाटतो.

३. नियमपुस्तिका वाचली की निम्मी जाहिरात गळून पडते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॅप आणि स्कीटमध्ये सेमी-ऑटोमॅटिक चालते, पंप-ॲक्शन चालत नाही. बोअर बारापेक्षा मोठा नको. मॅगझिन असलेल्या बंदुकीत ते अडवून ठेवावं लागतं, म्हणजे त्यात एकाहून जास्त काडतूस जात नाही. मग पाच-सात काडतुसं मावतात म्हणून जादा पैसे कशाला मोजायचे? ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत एका तबकडीवर दोन बार मिळतात, स्कीटमध्ये एकच. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची, उडण्याची वेळ जेमतेम. तेवढ्यात कामी येतो तो पहिला बार.

४. सेमी-ऑटोमॅटिकचा खरा गुण तिच्या वेगात नाही, तिच्या हळुवारपणात आहे. काही बंदुकांत बार उडाला की नळीतला थोडा वायू दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घेतो. या हालचालीत धक्क्याची धार बोथट होते. माझ्या पुतणीने आमच्या क्लबच्या दुनळीवर सुरुवात केली होती. सरावाच्या अखेरीस ती नकळत डोळे मिटू लागायची, चाप ओढण्याआधीच खांदा मागे घ्यायची. वायूवर चालणारी बंदूक हातात आल्यावर एवढंच म्हणाली, "काका, आता तबकडी फुटताना दिसते." धक्क्याची भीती नेम किती बिघडवते, ते मला तिच्याकडून कळलं. सडपातळ बांध्याच्या मुलामुलींसाठी ही बंदूक शिकण्याचं दार उघडते. जडत्वावर चालणारीही एक जात आहे. ती आतून स्वच्छ राहते, पण धक्का थोडा जास्त देते. दोन्ही झाडून बघितल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

५. खांद्याला बसेल ती बंदूक चांगली. मैदानावर प्रशिक्षकाच्या देखत करायची एक साधी परीक्षा आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. समोरच्या एका ठिपक्यावर नजर लावून डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला आणायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. टोकाचा मणी नळीच्या मधोमध, ठिपक्याजवळ दिसला तर माप जमलं. डोळ्यासमोर नुसतं यंत्राचं पोलाद आलं तर दस्ता बसका. मणी डावी-उजवीकडे सरकला तर दस्त्याचा कल आपल्या चेहऱ्याला मानवत नाही. दस्ता लांब असेल तर टाच काखेत अडकते. स्कीटमध्ये हे फार महाग पडतं, कारण तबकडी दिसेपर्यंत दस्ता जाकिटावरच्या खुणेच्या रेषेला टेकलेला हवा, आणि हाक दिल्यावर तीन सेकंदांपर्यंत ती केव्हाही सुटते. परवडणाऱ्या अनेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांबरोबर दस्त्याचा कल आणि लांबी बदलायच्या पातळ चकत्या येतात. त्या चकत्यांना मी नक्षीकामापेक्षा कितीतरी जास्त मोल देतो. शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा आणि टांगलेला तयार सदरा, यांतलाच हा फरक.

६. काडतुसाशी पटत नसेल तर उत्तम बंदूकही रुसते. स्पर्धेच्या काडतुसात छर्रे जास्तीत जास्त २४ ग्रॅम. जड भारासाठी घडवलेली बंदूक इतक्या हलक्या भारावर कधी कधी पूर्ण फिरत नाही आणि नवं काडतूस अर्ध्यावर अडकतं. म्हणून विक्रेत्याला पहिलं हेच विचारावं: २४ ग्रॅमवर अडकल्याशिवाय चालते का? आणि शक्य तिथे चालवून बघावं. वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा दट्ट्या काजळी धरतो. दिवसभराच्या सरावानंतर तो काढून पुसला की चिंधी काळीकुट्ट होते. ज्याला ही संध्याकाळची बैठक आवडते त्याची बंदूक वर्षानुवर्षं साथ देते. ज्याला कंटाळा आहे त्याने दुनळीच घ्यावी. एकावर एक नळ्यांच्या दुनळीत दोन नळ्यांना छर्‍यांचा पसारा ठरवणारे दोन वेगळे चोक लावता येतात, अडकण्यासारखे भागही कमी. मोठ्या स्पर्धांत तीच जास्त का दिसते, याचं उत्तर यातच आहे.

७. बंदूक एकदाच घेतली जाते, काडतुसं कायम लागतात. एका फेरीला २५ तबकड्या, ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत १२५. ट्रॅपमध्ये दुसरा बारही टाकला तर काडतुसं दुपटीपर्यंत जातात. शिवाय प्रवास, मैदानाची फी, आणि दर वर्षी किती काडतुसं घेता येतील ही परवान्यावरची मर्यादा. शेतकरी घरातलं पोर जेव्हा बंदुकीचीच किंमत विचारतं, तेव्हा मी कागदावर वर्षभराचा हिशेब मांडून दाखवतो. त्या आकड्याने कुणी खचू नये एवढीच इच्छा असते. आपल्या भागातल्या मुलांच्या नजरेत आणि मनगटात काही कमी नाही. सरावाला पुरेशी काडतुसं मिळाली तर ती कुठेही उभी राहतील. म्हणून बंदुकीवर वाचवलेले पैसे मी काडतुसांवरच घालायला सांगतो.

८. शेजारच्याला आपला भरवसा वाटणं हीच खरी पात्रता. दुनळी मोडून धरली की लांबूनही दिसतं की ती रिकामी आहे. सेमी-ऑटोमॅटिकचं तसं नाही, म्हणून तिचा बोल्ट उघडा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवण्याची शिस्त अधिक कडक पाळावी लागते. घरी बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायला सांगितली तर वेळेत जमा. वरातीत, जत्रेत, आनंदाच्या भरात हवेत बार काढायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. अंगी बाणलेली ही शिस्त सगळ्या नेमबाजांचं नाव राखते, आणि मोडली तर परवाना मागणाऱ्या पुढच्या दहा जणांची वाट अवघड करते.

एवढं बोलून झाल्यावर विचारणाऱ्याला मी क्लबचा पत्ता देतो. तिथल्या बंदुकीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली एक हंगाम काढ म्हणतो. दुनळी, वायूची, जडत्वाची, जी मिळेल ती चालवून बघ. हंगामाच्या शेवटी खांदा, हिशेब आणि परवाना या तिघांचं एकमत झालं की मग कोणती घ्यायची ते माझ्याकडे विचारायला यावंच लागत नाही.