ओहोटीचा किनारा : सहलीतील एक निरीक्षणपाठ
(इयत्ता ४ थी व पुढील वर्गांसाठी)

अलिबागेस सहल गेली, की मुले कुलाबा किल्ला पाहतात, वाळूत खेळतात आणि परततात. किल्ल्यापर्यंत पायी जाता येते ते ओहोटीमुळे. त्याच वाटेवर समुद्राने काही वेळापुरते उघडे केलेले जीवसृष्टीचे दालन असते, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

वेळेचा हिशेब.— सहलीचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की या किनाऱ्यावरील भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३. म्हणजे पहाटे व दुपारी सुमारे ३ वाजता भरती आणि सकाळी ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करवून घ्यावे. अष्टमीच्या सुमारास भांग असल्याने पाणी फार ओसरत नाही. तृतीया-चतुर्थी सहलीस सोयीची. ही वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारून पक्की करावी. पूर्ण ओहोटीपूर्वी तासभर खाली उतरावे आणि पाणी फिरताच सर्वांना मोजून किनाऱ्यावर आणावे. मुलांचे लक्ष समोरच्या लाटांकडे असते. पाणी मात्र मागच्या सखल भागातही भरत असते.

काय पाहावे.— ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. लहान खेकडा वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूची गोळी टाकतो. खडकावरील कालवे शिंपा घट्ट मिटून, आत पाणी राखून भरतीची वाट पाहतात. डबक्यात एखादा शंख चालताना दिसेल. मऊ पोटाचा खेकडा गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो व वाढला की मोठा शंख शोधतो.

पक्षी दुरून, शांतपणे पाहावेत. आखूड चोचीचा चिखल्या धावतो, थबकतो आणि वरवरचे टिपतो. तुतवार ओल्या चिखलात चोच खुपसतो. कुरल आपली लांब, वाकडी चोच खोल घालतो. “एकाच चिखलावर हे तिघे कसे पोट भरतात?” एवढेच विचारावे. उत्तर शिक्षकाने सांगू नये. मुलांना चोचींची चित्रे काढू द्यावीत, उत्तर त्यांनाच सापडेल. हिवाळ्यात येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकाठी होते. शाळेत परतल्यावर तो प्रदेश नकाशात दाखवावा.

दक्षता.— अनोळखी प्राण्यास हात लावू नये. काहींचा दंश विषारी असतो. उलटवलेला दगड पूर्ववत ठेवावा. शंख घरी नेण्याचा मोह मुलांना होतोच. खिशातला शंख परतीच्या गाडीत चालू लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातील जीव मेलेला असतो. म्हणून किनाऱ्यावरून नेण्याची वस्तू एकच : वहीतील नोंद. मुलाने आपण होऊन शंख पाण्यात परत ठेवला, तर पाठ साधला असे समजावे.