अँटीव्हायरस तपासतो, पण अँटीव्हायरसला कोण तपासतं?



"अँटीव्हायरस टाकलाय ना, मग काळजी नको," असं आपण संगणकाच्या तासाला सहज सांगून जातो. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मुलांना समजावताना मी शाळेच्या शिपाईमामांचं उदाहरण देते.

समजा, शाळेत येणारं प्रत्येक पार्सल मामा फोडून बघतात. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. एखाद्या पार्सलात गुंगीचं औषध असलं तर? ज्याच्या नावाचं पार्सल तो राहिला बाजूला, आधी मामाच आडवे होणार आणि किल्ल्या चोराच्या हातात जाणार.

अँटीव्हायरसचंही तसंच. फाईल धोक्याची आहे का हे कळायला ती आधी वाचावी लागते. झिप, पीडीएफ, वर्ड, स्क्रिप्ट... प्रत्येक प्रकार वाचायला वेगळा कोड. कोड वाढला की चुकांना जागा वाढते. आणि हे काम बहुधा संगणकातल्या सर्वोच्च अधिकाराने चालतं, हीच खरी मेख.

मे 2017 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांना विंडोज डिफेंडरच्या इंजिनात अशीच मोठी चूक सापडली. जावास्क्रिप्ट संशयास्पद आहे का हे बघायला ती चालवून पाहणारा एक भाग इंजिनातच होता, आणि चूक नेमकी त्यात! घातक ईमेल नुसता येऊन पडला तरी पुरे, तो उघडायचीही गरज नव्हती, कारण डिफेंडर आपणहून तो तपासायला घेई. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच दुरुस्ती दिली, हे मात्र मानलं पाहिजे. मार्च 2020 मध्ये ऑर्मंडी यांनी अवास्टच्या अशाच भागातला धोका दाखवला, तेव्हा अवास्टने तो भाग चक्क बंदच करून टाकला.

मग अँटीव्हायरस काढून टाकायचा का? अजिबात नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर असतोच. तो आणि अपडेट चालू असू द्या. प्रश्न आहे तो सोबत येणाऱ्या जादा गोष्टींचा. 2016 मध्ये ट्रेंड मायक्रोच्या अँटीव्हायरसबरोबर बसणाऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये अशी चूक निघाली होती, की कुठलीही वेबसाईट तुमच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकली असती. पासवर्ड सांभाळायला ठेवलेला माणूसच दार उघडून बसलेला!

या रविवारी मुलांना शेजारी बसवून घरच्या अँटीव्हायरसची सेटिंग्ज उघडा. फाईल तपासणी आणि अपडेट यांना हात लावू नका. बाकी टूलबार, पासवर्ड मॅनेजर वगैरे एकेक दाखवून विचारा, "हे आपण वापरतो का रे?" नाही म्हणाले, तर त्यांच्याच हाताने बंद करू द्या.