स्वरयंत्रातील दुर्मीळ गाठी : निदान व उपचार

कोकणात पावसाळा लागला की घसा बसणे ही नित्याची बाब होय. ज्येष्ठमध आणि गरम पाण्याच्या गुळण्या यांनी तो बहुधा आठवडाभरात सुटतो. तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, तर मात्र स्वरयंत्राची तपासणी अगत्याची ठरते. वर्गात दिवसभर बोलणारे शिक्षक हे दुखणे अंगवळणी पाडून घेतात, ही चिंतेची गोष्ट आहे.

स्वरयंत्राचे ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग आतील अस्तरात उद्भवतात. विडी-सिगारेटशी त्यांचा निकटचा संबंध आहे. उरलेल्या थोड्या गाठी कूर्चा, लाळेच्या सूक्ष्म ग्रंथी, मज्जातंतू किंवा रक्तवाहिन्या यांतून निर्माण होतात. तंबाखूला कधीही न शिवलेल्या व्यक्तीलाही त्या होऊ शकतात.

खरी अडचण निदानाची. पुष्कळदा अशी गाठ अस्तराखाली वाढते; दुर्बिणीतून वरचा भाग निरोगी दिसतो आणि चिमट्याने काढलेला तुकडा निर्दोष ठरतो. तुकड्यावर विसंबण्याचा धोका नेहमीच्या कर्करोगातही जुनाच आहे. १८८७ साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या घशातील तुकड्यांत फिर्खो या नामांकित शास्त्रज्ञास कर्करोग आढळला नाही. सम्राटपदी ९९ दिवस राहून जून १८८८ मध्ये ते त्याच रोगाने निवर्तले. उलट, कणपेशींच्या साध्या गाठीवरील जाड झालेले अस्तर कर्करोगासारखे भासते व निष्कारण मोठी शस्त्रक्रिया होण्याची भीती असते. रक्तवाहिन्यांची गाठ तर सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. केल्यावाचून छेडू नये. रक्तस्राव जिवावर बेततो.

निदानानुसार उपचार बदलतात. कूर्चेची गाठ संथ वाढते, किरणांना फारशी दाद देत नाही. ती शस्त्रक्रियेने काढताना स्वरयंत्र अनेकदा वाचविता येते. ग्रंथींचा एक कर्करोग मज्जातंतूंच्या कडेने पसरतो व कित्येक वर्षांनी फुप्फुसात उगवतो, म्हणून शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतरही तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते. लघुपेशी प्रकारात रसायनोपचार व किरणोपचार यांवरच प्रामुख्याने भर असतो.

म्हणूनच रत्नागिरीहून रुग्णास डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किंवा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठविताना पूर्वीच्या तपासणीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे सोबत द्यावेत. अनुभवी तज्ज्ञाने ते पुन्हा पाहिल्यास निदान व उपचार दोन्ही बदलू शकतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे.

संपूर्ण स्वरयंत्र काढलेला रुग्ण मानेवरील छिद्रातून श्वास घेतो. कृत्रिम झडप बसवून त्याला पुन्हा बोलता येते. परंतु खाडीत वा नदीत उतरणे त्याने कायमचे सोडावे लागते.