भिवंडीहून विमान: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

भिवंडीकराचा विमानप्रवास माणकोली नाक्यावरच्या कंटेनरांच्या रांगेत सुरू होतो. तिथे जीव टांगणीला लागला की पुढे खिडकीजवळची सीट मिळूनही आराम पडत नाही. म्हणून सीट आणि झटपट चेक-इनसाठी जादा पैसे मोजण्याआधी रस्त्याची नीट सोय करा.

तिकीट हातात आलं की आधी विमानतळ पाहा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर मुंबई, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. मुंबई असेल तर टर्मिनल टी-१ की टी-२, तेही तपासा. नवी मुंबईचं तिकीट थोडं स्वस्त दिसलं तरी मुंब्रा बायपास-शिळफाट्याचा रस्ताही ट्रकांचाच आहे. गाडीभाडं धरून मगच दोन्हींची तुलना करा.

भिवंडी ते मुंबई विमानतळ अंतर साधारण ३५ ते ४० किलोमीटर. फेब्रुवारी २०२५पासून काळी-पिवळीचा मीटरदर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. त्या हिशेबानं भाडं साधारण ७२५ ते ८२५ रुपये होतं, मध्यरात्रीनंतर त्यावर पाव पट जादा. खासगी गाडीवाल्याशी घासाघीस करताना हा आकडा मनात ठेवा. तो रिकामा परतणार म्हणून थोडं जास्त मागेल, ते रास्तच. पण मुलुंड किंवा ऐरोली नाक्याचा टोल बिलात लावला तर जरूर विचारा. ऑक्टोबर २०२४पासून तिथे हलक्या गाड्यांना टोल नाही.

एकटे असाल आणि सामान एकाच बॅगेत मावत असेल तर गाडी कशाला? बसनं किंवा शेअर रिक्षानं ठाणे गाठा. तिथून लोकलनं घाटकोपर, मेट्रो-१नं मरोळ नाका आणि तिथे मेट्रो-३ पकडली की पुढचंच स्टेशन टी-२. टी-१साठी त्याच गाडीत बसून राहा. ठाण्यापासून साठ रुपयांच्या आत काम होतं. मात्र सकाळच्या गर्दीत मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका, आणि रात्री मेट्रो बंद असते हेही ध्यानात ठेवा.

वेळेचा हिशेब असा: देशातल्या विमानासाठी बॅग देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. रस्त्याला दोन तास आणि विमानतळावर दोन तास धरा. परदेशी जायचं असेल तर विमानतळावर तीन तास. मध्यरात्री रस्ता मोकळा मिळेल या भरवशावर राहू नका. गर्दीच्या तासांत अडवलेली अवजड वाहनं रात्रीच सुटतात.

उमऱ्याला किंवा आखाती देशांत मुलांकडे निघालेल्या वडीलधाऱ्यांना चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर ४८ तास आधी सांगून ठेवा, ती मोफत मिळते. बोर्डिंग पाससाठी काउंटरवर वेगळे पैसे मागता येत नाहीत, तसं केंद्र सरकारनं २०२२मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. मनपसंत सीटचे पैसे मात्र त्या घेतात. माझ्या मते ते फक्त दोघांसाठीच द्यावेत: पाय लांब करावे लागणारा उंच माणूस आणि विमान हललं की पोटात गोळा येणारा. दुसऱ्यानं पंखांजवळची जागा घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. उन्हाळ्यात सकाळचं विमान बरं, दुपारी तापलेल्या हवेमुळे धक्के जास्त बसतात.

विमानातली हवा फार कोरडी असते. आतला दाब साधारणतः दोन-अडीच हजार मीटर उंचीवर असल्यासारखा ठेवतात. म्हणून घशाला कोरड पडते, पोट फुगतं. बराच वेळ बसून राहिल्यानं पायही सुजतात. रिकामी बाटली सोबत न्या आणि सुरक्षा तपासणीनंतर पाण्याच्या नळावर फुकट भरा. पोट हलकं ठेवा, पायमोजे आणि शाल हाताशी असू द्या. विमान उतरताना कानाला दडे बसतात, तेव्हा गोळी चघळा किंवा आवंढा गिळत राहा, तान्ह्याला दूध पाजा. नाक चोंदलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सामानाचं वजन घरीच करा. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा १५ किलो बॅग आणि हातात ७ किलो एवढी मुभा असते. जादा किलो आगाऊ ऑनलाइन घेतले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको. सुकं खोबरं तर नेऊच नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास रखडलं तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागा. नकार मिळाला तर तिकीट, बोर्डिंग पास आणि कंपनीचे संदेश जपून ठेवून आधी कंपनीकडे आणि मग ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर तक्रार करा.