तंबू, समुद्र आणि मोती

प्रश्न : सावलीहून गाडीने कोकणात जातोय, सोबत आमचा मोती. त्याच्यासह तंबू टाकायला जागा कशी शोधावी? आधी एक रात्र आसोलामेंढा तलावाकाठी सराव करावा म्हणतो.

उत्तर : तो सराव आधी रद्द करा. आपल्याकडे बिबट्या कुत्र्यासाठी थेट अंगणात येतो. तलावाकाठी बांधलेला मोती म्हणजे त्याला आवतणच. सराव घरच्या गच्चीवर करा.

कोकणात मोकळा किनारा नको, कुंपण असलेली नारळी-पोफळीची वाडी शोधा. फोनवर ‘कुत्रा चालेल का’ एवढंच विचारून थांबू नका. त्यांचा स्वतःचा कुत्रा रात्री मोकळा असतो का, हेही विचारा. भांडणं तिथेच होतात.

वेळास, आंजर्ले इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात आणि कुत्रे ती उकरतात. त्या दिवसांत मोतीला तिथल्या पुळणीवर नेऊच नका, साखळीला धरूनसुद्धा नाही.

दुपारी वाळूवर हात उपडा टेकवा. पाच सेकंद सोसवलं नाही, तर त्याचे पंजे भाजणारच. समुद्रातून आला की गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीतच ठेवा.