ऊन सोसणारी तुळस पावसात का मरते?

प्रश्न : आमचं घर काशीत ब्रह्माघाटाजवळ आहे. मे-जूनमध्ये लू वाहते, पारा ४४-४५ अंशांवर जातो, तरी गच्चीवरची तुळस आणि मोगरा तग धरतात. पाऊस लागला की मात्र पानं पिवळी पडतात, झाडं माना टाकतात. माती तर ओलीच असते! मग बिघडतं कुठे? आणि पावसाळ्यात लावावं तरी काय?
– एक वाचक, वाराणसी

उत्तर : माती ओली आणि झाड तहानल्यासारखं, असं तुमचं कोडं आहे. गंमत अशी की ते झाड खरोखरच तहानलेलं असतं. पाणी शोषायला मुळांना शक्ती लागते, ती श्वसनातून मिळते आणि श्वसनाला प्राणवायू हवा. तो असतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत. झड लागली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि अशा दुबळ्या मुळांवर कुजवणारी बुरशी चढते. उन्हाळ्यात पानं होरपळतात, पण सकाळ-संध्याकाळ पाणी मिळत असल्याने मूळ शाबूत राहतं. म्हणून तेव्हा झाड सावरतं, आता सावरत नाही. त्यात माना टाकलेल्या झाडाला आपण दयेपोटी आणखी एक तांब्या पाणी घालतो!

हिशेब करून पाहा. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर बारा इंची कुंडीच्या तोंडातून सुमारे साडेतीन लिटर पाणी आत जातं. वाराणसीचा वर्षाचा पाऊस साधारण १,००० मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढं पाणी वाहून गेलं तर काहीच बिघडत नाही. अडतं ते मातीमुळे.

गंगेचा गाळ सुपीक, म्हणून पूर ओसरला की तो आणून कुंड्या भरायचा मोह होतो. शेतात तो सोनं आहे, कारण तिथे पाणी खोलवर झिरपायला जागा असते. वीतभर खोलीच्या कुंडीत तोच बारीक गाळ थापून बसतो. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा. वाळू मात्र गंगेची पांढरी, बारीक नको. बांधकामावर येते ती सोन नदीची जाड, लालसर घ्या.

आता एक लाडका गैरसमज. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा सुधारतो, असं जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. घडतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर खडीच्या उंचीइतका वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवलीत की पुरे. कुंडी मात्र दोन विटांवर उचलून ठेवा, नाहीतर भोक फरशीला चिकटून बंद होतं.

पाऊस पडतोय म्हणजे पाणी घालायला नको, हेही अर्धंच खरं. दाट पानांच्या झाडावरून पाणी बाहेर ओघळतं, कठड्याच्या आडोशाची कुंडी कोरडीच राहते आणि उघडीप मिळाली की दमट उकाड्यातही माती दोन दिवसांत सुकते. बोट दोन इंच खुपसून पाहा, मगच ठरवा. मातीला कुबट वास आला आणि मुळं तपकिरी, लिबलिबीत दिसली तर खत अजिबात देऊ नका. सडकी मुळं छाटून नव्या मिश्रणात लावा. तुळशीची फांदी ओल्या वाळूत सहज मुळं धरते, तेव्हा एखादं रोप राखीव असू द्या.

कुंड्यांखालच्या तबकड्या या चार महिन्यांत काढूनच टाका. डेंगीच्या डासाला तेवढं साचलेलं पाणी पुरतं.

लावायचं काय, तर पाणी आवडणारं. अळू तर निचरा नसलेल्या कुंडीतही खुशाल वाढतो. तुमची फसलेली कुंडी त्यालाच द्या. दोडका, पडवळ, कारलं, भेंडी, माठ पावसात जोमाने येतात. विड्याच्या वेलाला ओलसर सावली मानवते, पाणी साचलेलं मात्र मुळीच खपत नाही. अडेनियम, निवडुंग यांना छताखाली घ्या. माकडांपासून भेंडी वाचवायचा उपाय लोखंडी जाळी एवढाच. त्यापुढे या सदराचं ज्ञान संपतं.

काशीतल्या मराठी घरात गौरी बसत असतील तर तेरडा हवाच. त्याला पेरणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून बी जूनअखेर मातीत पडायला हवं.