नेट चालू आहे, पण भिंत उभी आहे का?

घरातलं नेट बंद पडलं की पाच मिनिटांत आरडाओरड होते आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्तीही होते. व्हीएलॅनचा, म्हणजे एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं अलग ठेवणाऱ्या भिंतीचा, बिघाड मात्र असा असू शकतो की नेट झकास चालतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही. धानोऱ्यात आमच्याच घरी हे घडलं. ज्यांच्या घरात दोन-तीन स्विच आहेत त्यांनी यातून शहाणं व्हावं, म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरात पुढे ऑनलाईन अर्ज भरून देण्याचं दुकान, मधे आम्ही आणि मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या. दुकानातल्या संगणकावर जातीचे दाखले, सातबारे, आधारची स्कॅन केलेली पानं, वनहक्क दाव्यांचे कागद, सगळं असतं. मुरूमगावच्या वाटेवरच्या गावांतून माणसं येतात आणि विश्वासानं हे कागद हाती देतात. त्यामुळे कनेक्शन एक असलं तरी दुकान, कॅमेरे आणि भाडेकरू यांनी एकमेकांना दिसता कामा नये, याबाबत मी तडजोड मानत नाही. कॅमेरेसुद्धा वेगळे हवेतच. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरचे कॅमेरे आणि राउटर केवळ कंपनीचे मूळ पासवर्ड टाकून ताब्यात घेतले होते.

आमच्याकडे दुकानात एक, माडीवर एक आणि खोल्यांच्या बाजूला एक असे तीन स्विच. घर-दुकान मूळच्या १ नंबरच्या व्हीएलॅनवर, कॅमेरे २० वर, भाडेकरू ३० वर. एका स्विचवरून दुसऱ्याकडे जाणारी वायर हे सगळे व्हीएलॅन एकत्र वाहून नेते. त्यासाठी पाकिटावर चार बाइटचा टॅग लागतो आणि पाकीट कोणत्या व्हीएलॅनचं ते पुढचा स्विच त्यावरून ओळखतो. ८०२.१क्यू नावाचं हे मानक १९९८ चं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विचही एकमेकांशी बोलू शकतात. आमच्या जोडणीत २० आणि ३० टॅग लावून जायचे, १ मात्र बिनटॅगचा.

पुढचा सगळा घोळ त्या बिनटॅगच्या १ नं केला. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली. मागच्या स्विचची सेटिंग ‘अप्लाय’ झालेली होती, पण ‘सेव्ह’ झालेली नव्हती. पुष्कळ स्विचमध्ये ही दोन वेगळी बटणं असतात, आणि अप्लाय केलेलं लाईट असेपर्यंतच टिकतं. लाईट आली तेव्हा तो स्विच कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला होता. सगळे पोर्ट १ वर. वरून बिनटॅगचा १ येतच होता, म्हणजे आमच्या घराचं नेटवर्क थेट भाडेकरूंच्या खोल्यांत पोचलं. त्यांचं नेट बंद पडलं नाही, मग तक्रार कोण करणार? खोलीतल्या एका विद्यार्थ्यानं एक दिवस सहज सांगितलं, “काका, तुमच्या दुकानाचा प्रिंटर माझ्या लॅपटॉपवर दिसून राहिला ना.” त्याच्या लॅपटॉपचा पत्ता पाहिला. १९२.१६८.३० नं सुरू व्हायला हवा होता, तो १९२.१६८.१ नं सुरू होत होता. तो मुलगा भला म्हणून बोलला.

सेव्ह करायला विसरू नका, एवढं सांगून मी थांबणार नाही. माणूस विसरतोच. रचनाच अशी हवी की स्विचची सेटिंग पुसली गेली तर नेट बंद पडावं. त्यासाठी १ नंबरवर काहीच ठेवू नका. घर-दुकानाला १० द्या आणि स्विच-स्विचमधल्या वायरवरून तोही टॅग लावूनच पाठवा. त्या वायरच्या दोन्ही टोकांना बिनटॅगसाठी ९९९ सारखा रिकामा नंबर द्या, जिथे ना राउटर आहे ना पत्ता वाटणारा डीएचसीपी. मग कोऱ्या झालेल्या स्विचला वरून कामाचं काहीच मिळत नाही आणि भाडेकरू लगेच दार वाजवतो.

स्वस्तातल्या स्विचमध्ये आणखी एक खोच आहे. पोर्ट ३० चा सदस्य करणं एका पानावर आणि त्याचा पीव्हीआयडी, म्हणजे बिनटॅग आलेलं पाकीट ज्या व्हीएलॅनमध्ये टाकायचं तो नंबर, ३० करणं दुसऱ्याच पानावर. घर अजून १ वरच असेल, पीव्हीआयडी १ च राहिला आणि पोर्ट १ मधून काढलाही नाही, तर त्या पोर्टवरचा लॅपटॉप घरच्याच नेटवर्कमध्ये शिरतो. इथेही नेट उत्तम चालतं!

राउटरकडेही बघा. व्हीएलॅन वेगळे केले तरी बऱ्याच राउटरांचं काम मुळात एकीकडचं दुसरीकडे पोचवणं हेच असतं. ३० मधून १० कडे जायला मनाई, कॅमेऱ्यांना बाहेर जायला मनाई, हे फायरवॉलमध्ये स्वतः लिहावं लागतं.

तपासणी करताना नेट चालतं का, एवढंच पाहू नका. जे चालायला नको ते अडतं का, हे बघा. भाडेकरूच्या खोलीत लॅपटॉप लावा, आधी पत्ता वाचा, मग दुकानातल्या प्रिंटरला पिंग करा. संगणकाला नको, कारण विंडोजचं फायरवॉल पिंगला बहुधा उत्तरच देत नाही आणि उगाच वाटतं की भिंत शाबूत आहे. हाच पिंग आधी दुकानातून करून प्रिंटर उत्तर देतो याची खात्री करून घ्या. ही तपासणी नवी सेटिंग केल्यावर एकदा, आणि प्रत्येक स्विचचा प्लग काढून परत लावल्यावर पुन्हा एकदा. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा ही दुसरी तपासणीच खरी.

प्रत्येक स्विचवर एक पोर्ट बिनटॅगच्या १० वर फक्त स्वतःसाठी राखा, नाहीतर एखादा चुकीचा आकडा पडला की स्विचच्या सेटिंगमध्ये शिरायला वाट उरत नाही. त्या पोर्टची वायर कुणाच्या खोलीत जाऊ देऊ नका. कोणता पोर्ट कशाचा, हे कागदावर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. आणि मागची इमारत वेगळी असेल तर तिथवर तांब्याची वायर ओढू नका, फायबर टाका. जवळपास वीज पडली की तिचा झटका तांब्यातून दोन्ही टोकांचे स्विच जाळू शकतो. फायबरची काच तो झटका पुढे जाऊ देत नाही, फक्त आधारासाठी धातूची तार नसलेली केबल मागून घ्या.